काळ्या पडद्याचा धनी कोण?

शंकेखोराची तक्रार बिघाडाबद्दल नाही, तो शोधत बसण्याबद्दल आहे. “लॅपटॉप पुण्यात घेतलेला, मॉनिटर इथल्या मस्कतमधल्या रूवीतल्या दुकानातला, मधला डॉक ऑनलाइन मागवलेला आणि केबल कुठल्याशा जुन्या सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली. पडदा काळा पडला की मॉनिटरवाला म्हणतो, लॅपटॉप दाखवून घ्या. लॅपटॉपवाला म्हणतो, केबल बदलून बघा, आणि वॉरंटी तिकडची आहे, इथे चालायची नाही. केबलला तर कुणी वालीच नाही. यातली प्रत्येक वस्तू एकेकटी तपासली तर ठणठणीत निघते. मग शोधायचं कुणाला? ओमानमध्ये आठवडा रविवारी उघडतो. सकाळी आठच्या मीटिंगमध्ये तक्ता दाखवता दाखवता स्क्रीन गेली, तर समोरच्या माणसाला कारण नको असतं, तक्ता हवा असतो. साधा चोवीस इंची मॉनिटर नवा आणावा आणि मोकळं व्हावं. आपण इथे येऊन इतकी वर्षं झाली तरी रियालचं रुपयांत गणित करतो, म्हणून खर्च मोठा वाटतो. पण त्या खटपटीत गेलेल्या शुक्रवारचं गणित कुणी करत नाही.”

खटपट्याला घाई मान्य आहे, उपाय मान्य नाही. त्याचं म्हणणं असं, की नवा मॉनिटर आणणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. दोष लॅपटॉपच्या पोर्टमध्ये असेल तर नवा मॉनिटरही तितक्याच इमानाने काळा पडेल, आणि मग माणूस त्या मॉनिटरच्या कंपनीला शिव्या देईल. “बघायचं काय ते आधी ठरव,” तो म्हणतो. “स्क्रीन काळी झाली की आपला हात थेट केबलकडे जातो. तिथेच सगळा पुरावा मोडतो. केबल उपटू नकोस, माऊस हलव. बाण लॅपटॉपच्या कडेवरून पलीकडे निसटला आणि दिसेनासा झाला, तर लॅपटॉपच्या मते मॉनिटर अजून जागेवर आहे. उलट, उघडलेल्या सगळ्या खिडक्या धावत लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन एकमेकींवर आदळल्या, तर दोघांचा संबंधच तुटला. मग मॉनिटरच्या कोपऱ्यातला दिवा बघ. दिवाच विझून पुन्हा पेटला असेल, तर वीज तुटते आहे: अडॅप्टर, पिन, एक्स्टेन्शन बोर्ड. दिवा पेटलेला आणि ‘नो सिग्नल’ची पाटी फिरते आहे, तर मॉनिटर बहुधा धडधाकट आहे, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.

“आणि दिवा पेटलेला, पाटी नाही, बाण पलीकडे गेलेला, अशी वेळ आली तर खोलीतला उजेड घालव आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका लाव. डेस्कटॉपवरची चिन्हं पुसट दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. तिथे दहा केबली बदलल्यास तरी उपयोग शून्य. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही त्याच क्षणी लुकलुकली, तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. ग्राफिक्स चिप अडकली तर विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघतं, नंतर ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवतं, वेळेसकट. एवढं बघायला पैसा लागत नाही. पडदा एकच काळा दिसतो, पण त्यामागचे रोग निदान चार आहेत, आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो.”

शंकेखोराला यादी पटते, तिच्या पोटातली गृहीतं पटत नाहीत. “तुझी सगळी तपासणी बिघाड थांबून राहील या भरवशावर उभी आहे. माझी स्क्रीन दोन सेकंद जाते आणि परत येते. तेवढ्यात मी बाण बघू, दिवा बघू की टॉर्च शोधू? बरं, ती गेलेलीच राहिली तरी पुढे काय? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन आली. म्हणजे दोष ड्रायव्हरचा? पण त्या झटक्यात लॅपटॉपने मॉनिटरशी बोलणीही पहिल्यापासून केली असतील. केबल बदलली, स्क्रीन आली. दोष केबलचा? पण केबल बदलताना मी दोन्ही टोकं काढून परत खोचली, पिनांवरची धूळ घासली गेली. मॉनिटरची वीज मिनिटभर काढून ठेवली, स्क्रीन आली. दोष मॉनिटरचा? तुझा प्रत्येक उपाय एका दगडात तीन पक्षी मारतो, आणि मग मेला तो नेमका कोणता पक्षी होता हे तू छातीठोकपणे सांगतोस.”

हा आक्षेप खटपट्याला लागतो. तो लगेच उत्तर देत नाही, आधी केबलच्या आत काय चालतं ते सांगतो.

“एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. आपल्याला वाटतं त्या सगळ्या चित्र वाहतात. पण त्यातली शेवटची, एकोणिसावी, फक्त एवढंच सांगते की पलीकडे कुणीतरी आहे. पंधरावी आणि सोळावी वेगळ्याच कामाच्या. त्यांवरून मॉनिटर आपला बायोडाटा लॅपटॉपकडे पाठवतो: कुणाकडचा, कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षीचं बनलेलं, किती बारीक चित्र झेपतं, सेकंदाला किती वेळा. लग्नाच्या बाजारात फिरतो तसाच आटोपशीर कागद, मूळचा अवघ्या १२८ बाइटांचा. तो वाचूनच लॅपटॉप कोणतं चित्र पाठवायचं ते ठरवतो. हा कागद अर्धवट पोचला तर पुढची बोलणी चुकीच्या पायावर होतात: चालू मॉनिटरला झेपणार नाही असं चित्र जातं, किंवा काहीच जात नाही. एकोणिसावी पिन क्षणभर सुटली तर लॅपटॉपला वाटतं पाहुणे उठून गेले, आणि ती पुन्हा टेकली की सगळं पहिल्यापासून. आता सांग, यात बिघडलेली वस्तू कोणती? वस्तू दोन्ही धड आहेत. मोडला तो त्यांच्यातला करार. म्हणून तुझे सगळे दुकानदार खरं बोलतात, आणि तरी तुझी स्क्रीन काळीच.”

शंकेखोर हसतो. “म्हणजे मी म्हणालो तेच. पत्ता नाही.”

“पत्ता नाही, पण हद्द आहे,” खटपट्या म्हणतो. “करारात दोन्ही बाजूंनी किती ताण सोसायचा हे ठरलेलं असतं. तो ताण कमी करून बघता येतो. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर साध्या फुल एचडीच्या चौपट माहिती त्याच तारेतून जाते. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने त्यासाठी सेकंदाला १८ गिगाबिटांची वाट करून दिली, त्याआधीच्या १.४ ला ४के जेमतेम ३० हर्ट्झवर झेपायचं. तुझी सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली जुनी केबल त्या काळातली असेल तर ती कधी चालेल, कधी चालणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन ६० चे ३० हर्ट्झ कर. काळं पडणं थांबलं, तर बायोडाटा, ड्रायव्हर, बॅकलाइट यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. तारेची कुवत किंवा पोर्टची पकड, एवढंच उरलं. यात तू एकही पिन हलवली नाहीस, एकही धूळ घासली नाहीस. एका दगडात एकच पक्षी.

“यूएसबी-सीचं तर त्याहून सोपं. दिसायला सगळी भोकं आणि सगळ्या केबली सारख्या, पण प्रत्येक भोकातून चित्र बाहेर पडत नाही आणि फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल बहुधा चित्र नेतच नाही. तिथे बिघाड शोधायचा नसतो, आधी क्षमता आहे का ते बघायचं असतं.”

आता शंकेखोर वाद खोलीच्या बाहेर नेतो. त्याच्या मते हे सगळं पुस्तकी ज्ञान युरोपातल्या थंड खोलीसाठी आहे, मस्कतच्या फ्लॅटसाठी नाही. “इथल्या कितीतरी मराठी घरांतला दुसरा मॉनिटर मार्च २०२० नंतरचा आहे. शाळा बंद झाल्या, पोरांचे वर्ग लॅपटॉपवर आले, बापाचं ऑफिस त्याच डायनिंग टेबलावर आलं. तेव्हा घाईत जो मिळाला तो आणला. त्या मॉनिटरांनी इथले उन्हाळे किती काढले? बहुतेक मॉनिटरच्या कागदावर चालवण्याचं तापमान चाळीस अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मस्कतच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कुरियात आहे. २६ जून २०१८ ला तिथे चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश नोंदलं गेलं. रात्रीसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. जगात तोवर असं नोंदलेलं नव्हतं. अशा हवेत बंद फ्लॅटमध्ये ठेवलेला मॉनिटर, आपण सुट्टीहून परत आल्यावर एसी आणि तो एकदमच चालू करतो. त्याच्या पोटातले कपॅसिटर उकडून निघालेले. तिथे तू एकोणिसावी पिन मोजत बसणार?”

“उकाड्याचा मुद्दा खराच आहे,” खटपट्या कबूल करतो. “इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियमच आहे: दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. पण म्हणूनच तो ओळखता येतो. कपॅसिटर थकलेला मॉनिटर गार असताना हट्ट करतो. दिवा लुकलुकतो, चित्र येऊन जातं, आणि तापल्यावर कधी कधी तो सुतासारखा सरळ चालतो. तापल्यावर बिघडणारा दोष बहुधा दुसरीकडे असतो: सुटलेला सांधा, डॉक, ग्राफिक्स चिप. डॉकला हात लावून बघ, चटका बसतो का. कोणत्या वेळी जातं हे कागदावर लिहून ठेवलंस तर अर्धं निदान झालं. फक्त मॉनिटर उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आतला वीजपुरवठ्याचा भाग चांगलाच झटका देऊ शकतो.

“आणि इथल्या भिंतीबद्दल तू बोललाच नाहीस. ओमानमध्ये वीज २४० व्होल्ट, भारतात २३०. तो फरक मॉनिटरला कळतसुद्धा नाही, त्याचा पुरवठा १०० ते २४० साठी बनवलेला असतो. फरक पडतो तो पिनांचा. इथे चौकोनी तीन पिनांचा ब्रिटिश सॉकेट, आपल्याकडून आणलेली वायर गोल पिनांची. मग काय करतात? वरच्या भोकात पेन खुपसून आतलं झाकण उघडायचं आणि दोन पिनांचा प्लग दाबून बसवायचा. किंवा दीड रियालचा अडॅप्टर आणायचा, ज्याच्या अर्थिंगच्या पिनेमागे तारच नसते. हे धोक्याचं आहे ते आहेच. वर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं की मुंग्या येतात. तो अर्थिंग नसल्याचा सांगावा. अशा लॅपटॉपला अर्थिंग असलेला मॉनिटर जोडताना बारीक ठिणगी उडते, आणि ती पडते नेमकी त्या नाजूक पिनांवर. मॉनिटर बदलून हे जाणार आहे का? जखम मांडीला आणि मलम शेंडीला.”

शंकेखोर वेगळाच दाखला काढतो. ५ सप्टेंबर २०२२ ला मस्कतसह ओमानच्या मोठ्या भागाची वीज एकाएकी गेली होती. त्यानंतर ओळखीतल्या कितीतरी जणांनी आपापल्या बिघडलेल्या वस्तूंचं खापर त्या दिवसावर फोडलं: फ्रिज, राउटर, मॉनिटर. “खरंही असेल, खोटंही असेल. पण माणसाला कारण मिळालं आणि तो शांत झाला. तुझ्या अर्थिंगच्या गोष्टीत आणि त्यांच्या ५ सप्टेंबरच्या गोष्टीत फरक काय? दोन्ही ऐकायला पटणाऱ्या. मला तर एकाने सांगितलं की खुर्चीतून उठलं की स्क्रीन जाते. मी मनात म्हटलं, आता शनीची साडेसाती तेवढी राहिली.”

“ती खुर्चीची गोष्ट खरी आहे,” खटपट्या म्हणतो. “डॉकिंगचं तंत्रज्ञान बनवणारी डिस्प्लेलिंक कंपनी आपल्या ग्राहकांना स्वतःच सांगते. गॅसच्या नळीवर वर-खाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवर बसताना किंवा उठताना विद्युतचुंबकीय झटका निर्माण होऊ शकतो. कवच नीट नसलेली केबल तो पकडते आणि क्षणभर स्क्रीन काळी होते. एसीने कोरडी झालेली हवा, सिंथेटिक गालिचा, स्वस्त केबल: मस्कतच्या ऑफिसात याहून वेगळं काय असतं? आता फरक ऐक. खुर्चीची गोष्ट मी ताबडतोब पडताळू शकतो. दहादा बसायचं, दहादा उठायचं. स्क्रीन सहादा गेली तर खुर्ची. मग उभं राहूनच काम करायचं, गेली नाही तर नक्की खुर्ची. ५ सप्टेंबर परत आणता येत नाही, म्हणून ते कारण नुसतं पटतं, सिद्ध होत नाही. तुझ्या तीन पक्ष्यांच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच. उपाय लागू पडला म्हणजे काम झालं नाही. नवी केबल लावून स्क्रीन आली, तर जुनी केबल परत लाव. तीही चालली, तर दोष केबलचा नव्हता, खोचण्याचा होता. ती पुन्हा काळी पडली आणि नवी लावल्यावर पुन्हा आली, तर मग म्हण केबल. बिघाड घालवता येतो यापेक्षा तो बोलावता येतो, हा मोठा पुरावा.”

यावर शंकेखोर बराच वेळ अडून बसतो, कारण त्याला यात सगळ्यात मोठी फट दिसते. चालू झालेली वस्तू मुद्दाम पुन्हा बिघडवणारा माणूस तो खटपट्या सोडून दुसरा पाहिलेला नाही. पण त्याहून मोठा मुद्दा वेळेचा. “जुनी केबल परत लावली आणि आज स्क्रीन गेली नाही. म्हणजे केबल निर्दोष? की आज तिची लहर नव्हती? तुझी दहादा उठबस रोज होणाऱ्या बिघाडाला ठीक आहे. माझी स्क्रीन आठवड्यातून एकदा जाते.”

“मग तीन आठवडे थांब,” खटपट्या हिशेबच मांडतो. “बिघाड कधीही, पण सरासरीने आठवड्यातून एकदा येत असेल, तर काही दुरुस्ती न करताही तीन आठवडे शांत जाण्याची शक्यता विसात एक असते. दिवसातून एकदा येत असेल तर तीन दिवस पुरतात. ज्या अंतराने येतो त्याच्या तिप्पट शांत गेलं, तर उपाय लागू पडला असं धरून चालायला हरकत नाही. विसात एकदा फसशील.”

“हा हिशेब बारा महिने सारखे असलेल्या मुलुखातला,” शंकेखोर म्हणतो. “मी तुझ्या सांगण्यावरून ऑक्टोबरात केबल बदलली. तीन आठवडे शांत, सहा आठवडे शांत. पण ऑक्टोबर उजाडला की इथली हवाच बदलते. डॉक तापत नाही, सांधा फुगत नाही. शांतता केबलने आणली की हिवाळ्याने? ते कळायला मला जून यावा लागेल. आणि जूनमध्ये पोरांच्या शाळेला सुट्टी, फ्लॅटला कुलूप, आम्ही चिपळूणला. बिघाड हजर असतो तेव्हा साक्षीदार गावी, साक्षीदार हजर असतो तेव्हा बिघाड रजेवर.”

खटपट्याला हे नाकारता येत नाही. तो फक्त एवढं दाखवून देतो, की करारातला एक पक्ष दरवर्षी चिपळूणला बरोबर जातो. “लॅपटॉप नेतोस ना? तिथल्या टीव्हीला जोड, तुझीच केबल लावून. काळं पडलं तर मॉनिटर आणि डॉक सुटले. पोर्ट आणि केबल अडकले. नाही पडलं तर उलट.”

“चिपळूणच्या जूनमध्ये पाऊस. तिथे उकाडा नाही, ओल आहे, आणि विजेचा भरवसा नाही. काळं पडलं तर ते पोर्टमुळे की ओलीमुळे? नाही पडलं तर पोर्ट चांगला म्हणून, की चाळीस अंश नव्हते म्हणून? तू हद्द आखतोस, मी मान्य करतो. पण ती हद्द ज्या हवेत आखलीस त्या हवेपुरतीच खरी. मला कामाला बसायचंय ते मस्कतच्या हवेत.”

“वीज गेली तर टीव्हीचा दिवाही विझेल, ते तुला कळेल. ओलीचं म्हणतोस तर मी एवढंच म्हणेन, की दोन हवांत मिळालेली दोन अर्धी उत्तरं कुलूपबंद फ्लॅटपेक्षा बरी. मॉनिटर घ्यायचा तर घे. पण घेण्याआधी सांग, तो पुढच्या जुलैत काळा पडला तर तू कुणाच्या दुकानात जाणार आहेस?”

“तुझ्याकडेच येणार,” शंकेखोर म्हणतो, “आणि तू मला परत जुनी केबल लावायला सांगणार. ती मी तोवर फेकली नसेल, एवढं मात्र तुझ्या बोलण्यातून घेतो. बाकी नव्या मॉनिटरचे पैसे आधी खर्चायचे की एक उन्हाळा आधी खर्चायचा, हे तू मला अजून सांगितलेलं नाहीस.”

खटपट्याचं म्हणणं, ते तो सांगूच शकत नाही: रविवारच्या मीटिंगमध्ये तक्ता त्याला दाखवायचा नसतो.